जीवशास्त्राचा पेपर आणि आपण



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'कामगार कार्यकर्ता' असे छापले आहे आणि त्याखाली विषय छापला आहे तो शाळेतील जीवशास्त्राच्या परीक्षेचा. ही छापखान्याची चूक असावी असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटले असेल. चूक नाही. संयोजकांनी मला किमान वेतनावर बोलायला सांगितले होते. हा विषय मी हट्टाने मागून घेतला. त्याचे कारण आधी सांगतो.

आमच्या संघटनेच्या कचेरीत संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासाचा वर्ग चालतो. त्यात दोन तऱ्हेचे विद्यार्थी येतात. एक, कामगारांची नववी-दहावीतील मुले. दुसरे, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणारे मोठे लोक. कोणी बाजारात हमाली करतो, कोणी शिलाईच्या यंत्रावर बसते, कोणी चार घरची धुणीभांडी करून येते. मी स्वतः महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढलेलो नाही. जे वाचले ते पाळी संपल्यावर. त्यामुळे या वर्गात मी मास्तर कमी आणि चार इयत्ता पुढे गेलेला विद्यार्थी जास्त असतो.

या मंडळींना गणिताची भीती वाटते, इंग्रजीची तर त्याहून वाटते. जीवशास्त्राविषयी मात्र सर्वांचे एकच मत: "तो सोपा आहे भाऊ, पाठ केला की झाले!" माझे आजचे सारे भांडण या एका वाक्याशी आहे.

प्रथम हा पेपर आहे तरी काय ते पाहू. २०१८ साली दहावीला जे विज्ञानाचे पुस्तक लागू झाले, त्याचे दोन भाग आहेत आणि दोन पेपर. दुसऱ्या भागाचा पेपर चाळीस गुणांचा, दोन तासांचा. त्यात दहा पाठ. आनुवंशिकता व उत्क्रांती, सजीवांतील जीवनप्रक्रिया, प्राण्यांचे वर्गीकरण, सूक्ष्मजीवशास्त्राची ओळख, पेशीविज्ञान, सामाजिक आरोग्य, अशी त्यातली काही नावे. आता दुसऱ्या पेपरांशी याची तुलना करा. भूगोलात ब्राझील येतो. तो देश आपण पाहिलेला नसतो. इतिहासातील माणसे आपल्याला भेटलेली नसतात. पण या पेपरात ज्याच्याविषयी प्रश्न विचारलेले असतात तो इसम परीक्षेच्या बाकावर स्वतः हजर असतो! उत्तर लिहिताना त्याचे हृदय धडधडत असते, सकाळी खाल्लेली पोळी आतड्यात पचत असते, भीतीने तळहाताला घाम सुटलेला असतो. आणि तो विद्यार्थी काय करीत असतो? गाईडातील सतराव्या पानावरचे तिसरे वाक्य आठवीत असतो.

गुणांना मी तुच्छ मानतो असे कोणी समजू नये. गुणांना तुच्छ मानणे ही खाऊनपिऊन सुखी असलेल्यांची चैन आहे. कामगाराच्या मुलीला परिचारिकेच्या शिक्षणाला प्रवेश मिळायचा तर गुणपत्रिका लागते, मुलाला आयटीआयला जायचे तर गुणपत्रिका लागते. तेव्हा गुण हवेतच, आणि चांगले हवेत. माझे म्हणणे एवढेच की पाठांतराने ते गुणही नीट मिळत नाहीत, आणि गुणांच्या पलीकडचे जे मिळायला हवे ते तर मुळीच मिळत नाही.

आधी पहिली गोष्ट घेऊ. आपल्याकडे अभ्यास कसा करतात? पहाटे चारला उठायचे, पुस्तक मांडीवर घ्यायचे, डोलत डोलत तेच पान पाच वेळा वाचायचे. पाचव्या वेळी पान ओळखीचे वाटू लागते आणि 'मला येते' असा भास होतो. पण ओळखीचे वाटणे वेगळे आणि येणे वेगळे. सीताबर्डीच्या रस्त्यावर रोज दिसणाऱ्या माणसाचा चेहरा ओळखीचा असतो. म्हणून त्याचे नावगाव आपल्याला सांगता येते काय?

याविषयी विद्वानांनी प्रयोग करून पाहिले आहेत. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. निरर्थक अक्षरे पाठ करायची आणि किती दिवसांनी किती उरतात ते मोजायचे, असा त्याचा उद्योग. त्याला आढळले की विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असतो. आणि तीच मेहनत एका बैठकीत न करता दिवसांच्या अंतराने वाटून केली तर जास्त टिकते. पुढे २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटाने उतारा पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो फक्त पहिल्या बैठकीत वाचला, आणि नंतर तीन वेळा पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना शंभरातले चाळीस आठवले आणि लिहून काढणाऱ्यांना एकसष्ट. बोर्डाची परीक्षा काही पान मिटल्यावर पाच मिनिटांनी होत नाही!

म्हणून आमच्या वर्गात तीन नियम आहेत. पहिला, पाठ वाचून झाला की पुस्तक मिटायचे आणि कोऱ्या कागदावर काय उरले ते लिहायचे. मग पुस्तक उघडून उणे राहिलेले वेगळ्या शाईने भरायचे. दुसरा, आकृती पाहून काढायची नाही. न पाहता काढायची, नावे द्यायची, मग ताडून पाहायची. तिसरा, जे शिकलो ते दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणाला तरी सांगायचे, आणि आठवड्याने पुन्हा एकदा सांगायचे. सांगताना जिथे जीभ अडखळते तेथे आपली समज अडखळलेली असते. असा अभ्यास कठीण वाटतो आणि पहिल्या आठवड्यात हुरूप खचतो, हे मी मान्य करतो. पण ओझे उचलल्याशिवाय दंडात बळ येत नाही, हे निदान आमच्या वर्गातील हमालांना तरी पटवून द्यावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट या ठिकाणी सांगितली पाहिजे. मराठीतून शिकणाऱ्यांना ही परिभाषा फार अवघड वाटते. पण जरा थांबून शब्दाकडे पाहिले तर शब्दच अर्थ सांगू लागतो. पेशीच्या विभाजनाच्या चार अवस्था पुस्तकात आहेत: पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था आणि अंत्यावस्था. आधीची, मधली, नंतरची, शेवटची! यात पाठ करण्यासारखे उरले काय? मध्यावस्थेत गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर येऊन रांगेत उभी राहतात. नावानेच चित्र काढून दिले आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्या पोराला हीच नावे ग्रीक शब्दांतून घोकावी लागतात. आपल्याला मिळालेली सवलत आपण वापरीत नाही, इतकेच.

आता दुसरी गोष्ट, जी माझ्या मते मोठी आहे. जीवशास्त्र आपल्या अवतीभवती घडत असते. ते तेथे ओळखता आले पाहिजे. आपण नागपूरकर आहोत. मे महिन्यात येथे पारा पंचेचाळीस अंशांवर जातो आणि घरोघर वाळ्याचे कूलर लागतात. कूलर गार हवा कशी देतो? ओल्या वाळ्यातून हवा गेली की पाण्याची वाफ होते, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते. मग घाम काय करतो? हेच करतो! एक लिटर घाम अंगावर वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून घेऊन जातो. आषाढात हवा दमट झाली की कूलर लावूनही खोलीत नुसती चिकचिक होते, आणि त्याच दिवसांत घाम वाळत नाही म्हणून आपण हैराण होतो. कारण दोन्हीकडे एकच. ज्या मुलाने घरातला कूलर आणि आपली कातडी यांची अशी सांगड घातली, त्याला 'शरीराचे तापमान कसे राखले जाते' हा प्रश्न पाठ करावा लागणार नाही. आणि उन्हात डांबर टाकणाऱ्या त्याच्या बापाला पाण्याबरोबर चिमूटभर मीठ का लागते, हेही तो घरी सांगू शकेल.

दुसरे उदाहरण घ्या. कळमन्याच्या बाजारात हमाली करणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "भाऊ, पोतं पाठीवर असताना धाप लागते ते समजलं. पण पोतं खाली ठेवल्यावरही धाप काऊन लागते?" हा प्रश्न दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिकांत सापडणार नाही, पण जीवनप्रक्रियेचा अर्धा पाठ त्यात आहे. पेशीला ऑक्सिजन मिळाला तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे तीसाच्या आसपास रेणू तयार होतात. एटीपी म्हणजे पेशीतील ऊर्जेचे नाणे समजा. ऑक्सिजन कमी पडला तर त्याच ग्लुकोजपासून फक्त दोन नाणी पडतात आणि लॅक्टिक आम्ल साठते. जड पोते उचलताना रक्त पुरेसा ऑक्सिजन पोचवू शकत नाही, तेव्हा शरीर उसनवारी करते. पोते खाली ठेवल्यावरची धाप म्हणजे ती उसनवारी फेडणे होय. हे सांगितल्यावर तो हमाल हसला आणि म्हणाला, "म्हणजे इथंही कर्ज हाय!" त्या दिवसापासून ऑक्सिश्वसन आणि विनॉक्सिश्वसन हे दोन शब्द त्या वर्गात कोणी विसरलेले नाही.

मी स्वतः श्वसनाचा पाठ कसा शिकलो हे सांगण्यासारखे आहे. या शहरात १८७७ साली जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली आणि २००२ साली ती बंद झाली. तेव्हा कापूस आणि नागपूर यांचे नाते काही मी आपणांस सांगायला नको. जगभरच्या कापूस गिरण्यांत कामगारांच्या छातीचा एक विकार डॉक्टरांना दिसून आला. साप्ताहिक सुटीनंतर पहिल्या पाळीला आले की छाती आवळून येते. पुढे वर्षानुवर्षे त्या धुळीत काढली की तो आवळा रोजचा होतो. या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य रोगांचे जे परिशिष्ट होते, त्यात पुढे याचा समावेश झाला. पण कायद्यात नाव असणे आणि हातात भरपाई पडणे यांत अंतर असते. एका माणसाचा असा दावा घेऊन मी हिंडत होतो. समोरच्या पक्षाचा वकील म्हणाला, "विडी पितो, म्हणून खोकतो." तेव्हा श्वासनलिका कोठे संपते, वायुकोश कोठे सुरू होतात, कोणती धूळ कोठे अडकते, हे मी शाळेच्या पुस्तकातून शिकलो. आपल्या दोन फुप्फुसांत मिळून कोट्यवधी वायुकोश असतात; ते सारे उलगडून पसरले तर त्यांचे क्षेत्रफळ सुमारे सत्तर चौरस मीटर भरेल, म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी घराएवढे. आमच्या वस्तीत एवढ्या मोठ्या घरात कोणी राहत नाही, पण एवढी मोठी मालमत्ता प्रत्येकजण छातीत घेऊन हिंडतो. तिचे रक्षण करायचे तर तिचा नकाशा ठाऊक नको काय?

आता मी या विषयाच्या गाभ्याकडे येतो.

पुस्तकात मेंडेलची गोष्ट आहे. ग्रेगोर मेंडेल हा ब्रनो गावच्या मठातील साधू. त्याने वाटाण्याची हजारो रोपे लावली, गोल दाण्यांचा आणि सुरकुतलेल्या दाण्यांचा संकर केला, आणि दाणे मोजले. दुसऱ्या पिढीत त्याला ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मिळाले. म्हणजे जवळजवळ तीनास एक. हे काम त्याने १८६५ साली वाचून दाखविले आणि १८६६ साली छापले. ज्याचा नियम आज प्रत्येक मूल परीक्षेसाठी पाठ करते तो मेंडेल स्वतः १८५० साली शिक्षकाच्या परीक्षेत नापास झाला होता, आणि १८५६ साली पुन्हा बसला तेव्हाही ती परीक्षा पार पडली नाही. नापास झालेल्या मुलांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो. मात्र त्याबरोबर हेही सांगतो की नापास झाल्यावर त्याने आठ वर्षे वाटाणे मोजले.

आपली मुले हा 'तीनास एक' पाठ करतात, चार खान्यांचा तक्ता काढतात, गुण मिळवतात आणि विसरून जातात. आणि येथेच, मित्रहो, मला दुःख होते. कारण तो चार खान्यांचा तक्ता आपल्या विदर्भात वाटाण्यापुरता राहिलेला नाही. तो आपल्या रक्तात आहे. मी सिकलसेलविषयी बोलतो आहे.

तांबड्या रक्तपेशीत हिमोग्लोबिन असते. त्याच्या एका साखळीत १४६ अमिनो आम्ले ओळीने ओवलेली असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, एवढाच काय तो फरक. आणि त्या एका फरकाने ऑक्सिजन कमी पडताच पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदना होतात. निरोगी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांतच संपते, म्हणून रक्त सतत कमी पडते. शिकागोच्या डॉक्टर हेरिक यांनी १९१० साली या पेशींचे वर्णन केले. भारतात त्या १९५२ साली निलगिरीत प्रथम आढळल्या. आणि १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलवरचा आपला निबंध लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापला. म्हणजे ही गोष्ट आपल्या शहराला साठ वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. २०१७ साली लागू झालेल्या नववीच्या पुस्तकात तर ती चक्क पाठात आहे. २०२३ च्या १ जुलैला केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू केली. आणि तरीही लग्नाच्या बोलणीत रक्ताच्या तपासणीचा शब्द कितीशा घरांत निघतो?

आता तो तक्ता पाहा. ज्याच्याकडे सदोष जनुक एकच आहे तो वाहक. त्याला सहसा काही त्रास नसतो, तुमच्याआमच्यासारखा तो काम करतो. आई वाहक आणि बाप वाहक असेल तर चार खाने असे भरतात: एका खान्यात दोन्ही जनुके चांगली, दोन खान्यांत एक चांगले एक सदोष, आणि एका खान्यात दोन्ही सदोष. म्हणजे रुग्ण होण्याची शक्यता चारात एक. पण इथे पाठांतर करणारा फसतो. तो म्हणतो, 'चार मुलांपैकी एकाला होणार. पहिल्याला झाला, आता बाकीचे तीन सुटले.' चूक! ही चारातली एक चिठ्ठी प्रत्येक मुलाच्या वेळी नव्याने काढली जाते. आधी कोणती निघाली हे चिठ्ठ्यांना आठवत नसते. ही एक ओळ ज्याला समजली त्याला गुणही मिळतील आणि घरही सांभाळता येईल.

आमच्या वर्गात नववीतील एक मुलगी येते. तिला हा आजार आहे. पाठ उघडला त्या दिवशी ती म्हणाली, "भाऊ, यात तर माझंच लिहिलं आहे. परीक्षेत आलं तर पुस्तकातलं लिहू की माझं लिहू?" मी म्हटले, "पेपरात पुस्तकातले लिही, आणि तुझे आम्हाला सांग." त्या दिवशी तो पाठ तिनेच घेतला. थंडीत सांधे कसे दुखतात, पाणी भरपूर का प्यावे लागते, शाळा बुडते तेव्हा अभ्यास कसा भरून काढते, हे तिने सांगितले आणि आम्ही सारे लिहून घेत होतो. तिच्या घरी एक जुनी तक्रार होती. हे दुखणे आईच्या माहेरचे, असे आजी उठताबसता म्हणत असे. या पोरीने काय करावे? दोन वाट्या घेतल्या, प्रत्येकीत एक पांढरा आणि एक हिरवा वाटाणा टाकला आणि आजीला डोळे मिटून दोन्हींतून एकेक दाणा काढायला लावला. पुन्हा टाकले, पुन्हा काढायला लावले, पंधरा-वीस वेळा. दोन्ही हिरवे निघायचे तर दोन्ही वाट्यांत हिरवा असावाच लागतो, हे आजीने स्वतःच्या बोटांनी पाहिले. आजी एवढेच म्हणाली, "म्हंजे आमच्याहीकडून आलं म्हणायचं." मला विचाराल तर आनुवंशिकतेवर याहून चांगले उत्तर कोणत्याही पेपरात लिहिले गेले नसेल.

अशीच दुसरी आकृती लिंगनिश्चितीची. आईकडून मिळते ते एक्स गुणसूत्र. बापाकडून एक्स किंवा वाय. मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. ही आकृती दहावीची मुले दरवर्षी पेपरात काढतात. आणि ज्या घरात ती मुले राहतात त्याच घरांत मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावला जातो! आकृती बरोबर आली, दोन गुण मिळाले. पण ती उत्तरपत्रिकेतून उठून घरात शिरली नाही. हा दोष त्या मुलांचा नाही. ही आकृती घरात सांगण्याजोगी आहे असे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही.

काही शिक्षक मित्र मला म्हणतात, "भाऊ, तुमचे म्हणणे ठीक, पण दहा पाठ संपवायचे, वर्गात साठ-सत्तर मुले, वेळ कोठून आणायचा?" त्यांची अडचण खरी आहे, आणि वर्गातील गर्दीविरुद्ध त्यांच्याबरोबर उभे राहायला आमची संघटना तयार आहे. पण माझा अनुभव असा की समजून घ्यायला पहिल्यांदा जास्त वेळ लागतो आणि नंतर प्रत्येक उजळणीत तो परत मिळतो. घोकलेले मात्र दर वेळी पहिल्यापासून घोकावे लागते.

शेवटी आपल्याला काय करता येईल तेवढे सांगून मी थांबतो. केवळ उपदेश करून जायची आमच्या चळवळीत रीत नाही. आम्ही मागण्या ठेवतो. आज माझ्या तीन मागण्या आहेत, आणि त्या आपल्याकडेच आहेत.

पहिली मागणी आईबापांकडे. रात्री जेवण झाल्यावर मुलाला 'अभ्यास झाला का?' असे विचारू नका. त्याचे उत्तर नेहमी 'झाला' असेच येते. 'आज काय शिकलास ते मला शिकव' असे म्हणा. तुम्ही निरक्षर असाल तर फारच उत्तम. कारण तुम्हाला समजेल असे सांगायचे म्हणजे त्याला खरोखर समजावे लागेल. दहा मिनिटे दूरदर्शन बंद ठेवा. खर्च काही नाही.

दुसरी मागणी शाळा चालविणाऱ्या मंडळींकडे. पुष्कळ शाळांत सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद असतो आणि तपासणी अधिकारी येतात त्या दिवशी बाहेर निघतो. कांद्याचा पापुद्रा आणि आयोडिनचा एक थेंब, एवढ्या सामग्रीवर पेशी दिसते. सुटीतील चार संध्याकाळी ती प्रयोगशाळा रात्री शिकणाऱ्यांसाठी आणि बाहेरून बसणाऱ्यांसाठी उघडी ठेवा. ज्याने आयुष्यभर कांदा चिरला त्या बाईला त्याच कांद्यातील पेशींच्या विटा पाहू द्या. मी त्या वेळचे चेहरे पाहिले आहेत.

तिसरी मागणी आपणां सर्वांकडे. सिकलसेलची प्राथमिक तपासणी बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर होते, आणि ती सदोष आली तर पुढची पक्की तपासणी करतात. सरकारी दवाखान्यात तिची सोय असते. तरुण मुलामुलींची ती लग्नाआधी करून घ्या. पत्रिका पाहणाऱ्यांनी ती खुशाल पाहावी. पण आधी रक्ताचा कागद पाहावा. दोघेही वाहक निघाले तर आकाश कोसळत नाही. डॉक्टरांचा सल्ला घेता येतो, गर्भाची तपासणी करता येते, आणि निर्णय त्या दोघांचा असतो. तो अंधारात होऊ नये, एवढेच. आणि कृपा करून या आजाराला कोणत्याही एका जातीचा म्हणू नका. तो अनेक समाजांत आहे, आणि त्याचे मूळ हिवतापाशी झगडण्यात आहे. १९५४ साली ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवून दिले की वाहकाला हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. ज्या पूर्वजांनी रानावनात हिवतापाला तोंड दिले त्यांची ती निशाणी आहे. तिच्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आनुवंशिकता आणि उत्क्रांती हे एकाच पाठात का घातले आहेत, ते यावरून ध्यानात यावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही सिकलसेलचा समावेश आहे. ज्या मुलांना हा आजार आहे त्यांच्या पालकांनी परीक्षेतील सवलतींची चौकशी वेळेवर करावी, ऐन फेब्रुवारीत धावाधाव करू नये.

मित्रहो, कामगाराजवळ भांडवल म्हणून एकच वस्तू असते, ती म्हणजे त्याचा देह. यंत्राची माहिती-पुस्तिका कारखान्यात टांगलेली असते. या देहाची माहिती-पुस्तिका मात्र शाळेच्या दप्तरात येते, दोन वर्षे राहते आणि परीक्षा झाली की रद्दीच्या भावाने विकली जाते. ती यंदा विकू नका. मुलाची परीक्षा संपली असेल तर ते पुस्तक आता तुम्ही वाचायला घ्या.